चिठ्ठ्या भिजल्या, आता अरेबिका कोणती आणि रोबस्टा कोणती?

पडवीवाला | ८ सप्टेंबर, रात्री ९.१५

मंडळी, गुहागरजवळ आमचं घर आहे. त्यातल्या तीन खोल्या चार वर्षांपासून पर्यटकांना देतो. जेवणाबद्दल कुणाची तक्रार नसते, आईच्या सोलकढीसाठी लोक पुन्हा येतात. रडगाणं असतं ते सकाळच्या कॉफीचं. "काका, ही इन्स्टंट आहे का हो?" असं विचारताना पुण्या-मुंबईच्या पोरांच्या चेहऱ्यावर जी कीव असते ती मला सहन होईना. म्हणून फेब्रुवारीत मेव्हण्याबरोबर चिकमगळूरला गेलो होतो तेव्हा तिथून न भाजलेलं हिरवं बी घेऊन आलो. चार किलो अरेबिका, चार किलो रोबस्टा. दुकानदाराने दोन कापडी पिशव्यांत भरून दिलं आणि आत नावाची एकेक चिठ्ठी टाकली. घरी लोखंडी कढईत भाजायचं, दळायचं आणि पाहुण्यांना गार करायचं असा बेत होता.

पुढे आंब्याचा हंगाम आला, मग मे महिन्याची गर्दी. पिशव्या तशाच राहिल्या. एक पडवीतल्या खुंटीला, दुसरी स्वयंपाकघरात माळ्यावर, बरोब्बर चुलीच्या वर. गणपतीच्या साफसफाईत दोन्ही सापडल्या. पडवीतल्या पिशवीतल्या चिठ्ठीवर नुसता निळा डाग उरलाय. माळ्यावरची चिठ्ठी कसरीने खाल्ली.

पडवीतल्या बिया फुगल्यात, रंग पिवळट-पांढरा झालाय, वास ओल्या गोणपाटाचा येतो. माळ्यावरच्या हिरवट-करड्या आहेत, कोरड्या खणखणीत.

आता प्रश्न. एक, कुठली पिशवी कशाची हे कसं ओळखायचं? दोन, या दोन जातींत खरा फरक काय, की नुसता किमतीचा? तीन, 'मान्सून्ड मलबार' नावाची पावसाळी हवा लावलेली कॉफी परदेशात महाग विकतात असं वाचलंय. माझ्या पडवीत तीच तयार झाली का? झाली असेल तर खुंट्या वाढवायच्या म्हणतो.

खवचट खारवी | ८ सप्टेंबर, रात्री ९.३१

खुंट्या कशाला, आमच्या होडीच्या खणात ठेवा. पावसाळी हवा अधिक बांगडा. युरोपात रांगा लागतील.

माडाची सावली | ८ सप्टेंबर, रात्री १०.०४

माका ह्यातला काय एक कळूक नाय, पण कॉफी म्हटल्यार माझी आये आठवता. दूध आटवून, साखर नि जायफळ घालून करी, ती पण कोण आजारी पडला तर, नायतर चतुर्थीत रात्रीचा भजन आटापल्यार. तेव्हा खंय कोण अरेबिका इचारी होतो? जायफळ परसातला, कॉफी पोलसनची.

चिकमगळूरचा भाचा | ९ सप्टेंबर, सकाळी ७.२०

पडवीवाले काका, मी मूळचा चिपळूणचा, अकरा वर्षं इकडे कॉफीच्या क्युरिंग वर्क्समध्ये कामाला आहे. म्हणजे मळ्यातून वाळून आलेलं बी सोलायचं, चाळायचं, प्रतवारी लावायची. रोज हेच बघतो, त्यामुळे तुमच्या पिशव्यांचा निकाल लागेल.

रंगावर जाऊ नका. एक पिशवी भिजलेली, एक धुरात राहिलेली, रंग दोन्हीकडे बिघडलेला असणार. आकारावरही पूर्ण विसंबू नका, कारण फुगलेलं बी गोल वाटतं. बी पालथं करून सपाट बाजूवरची चीर बघा. अरेबिकाची चीर वळणदार असते, मधे हलकासा बाक घेते आणि बी लांबट, चपटं असतं. रोबस्टाची चीर बहुतेक सरळ, बी बुटकं आणि गोलसर. दहा-वीस बिया बघा, एकावर ठरवू नका.

आणि एखादं बी अख्खं वाटाण्यासारखं गोल निघालं, एकही बाजू सपाट नसलेलं, तर ते रोबस्टा म्हणून मोजू नका. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया समोरासमोर चिकटून असतात, म्हणून त्यांना सपाट बाजू येते. काही फळांत एकच बी वाढतं, ते गोल होतं. त्याला पीबेरी म्हणतात. ती वेगळी जात नाही, दोन्ही जातींत निघते. दुकानांच्या पाटीवर 'पीबी' लिहिलेलं असतं ते हेच.

पडवीवाला | ९ सप्टेंबर, दुपारी २.४०

चाळिशी लावून अंगणात बसलो. आई म्हणाली, तांदूळ कधी निवडले नाहीस आयुष्यात, नि हे निवडतोयस.

पडवीतली: लांबट, चीर स्पष्ट वळणाची. माळ्यावरची: बुटकी, चीर सरळ, मधेमधे आठ-दहा वाटाणे.

म्हणजे महागातली अरेबिका पडवीत भिजली आणि स्वस्तातली रोबस्टा माळ्यावर सुखरूप राहिली, असंच ना?

चिकमगळूरचा भाचा | ९ सप्टेंबर, रात्री ८.५५

असंच. वाईट वाटतं सांगायला.

मान्सून्ड मलबारचं सांगतो, कारण इथे नेहमी घोळ होतो. पूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपला जायची, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने. खाऱ्या दमट हवेत लाकडी तळघरात बी फुगायचं, पिवळं पडायचं, त्याची आंबटसर धार जायची. युरोपातल्या गिऱ्हाइकांना तीच चव कॉफीची चव म्हणून ठाऊक झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास लवकर व्हायला लागला. कॉफी हिरवीच पोचू लागली तेव्हा तिकडचे लोक कुरकुरले. मग तोच परिणाम जमिनीवर मुद्दाम घडवायची पद्धत बसली.

आता 'मुद्दाम' या शब्दात सगळं आहे. मंगळूरकडच्या गोदामांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम चालतं. भिंती उघड्या, म्हणजे वारं आत खेळतं पण पाऊस आत येत नाही. बी जमिनीवर चार-सहा इंचांच्या थरात पसरतात, सारखं उलथत राहतात. मग सैल पोत्यांत भरून पोत्यांमध्ये वाट ठेवून रचतात, पुन्हा ओततात, पुन्हा भरतात. बी हळूहळू ओलावा घेतं, पण कुठेही कोंडून राहत नाही. बुरशी धरलेलं बी शेवटी हाताने वेचून काढतात. शिवाय यासाठी घेतात ते फळासकट उन्हात वाळवलेलं बी, ज्याला आमच्या धंद्यात 'चेरी' म्हणतात. तुम्हाला दुकानदाराने दिलं असेल ते बहुतेक 'प्लँटेशन ए', म्हणजे गर काढून धुतलेली अरेबिका.

तुमची पिशवी पावसाचे तीन महिने एकाच खुंटीला तोंड बांधून लटकली. वास ओल्या गोणपाटाचा येतोय म्हणता, म्हणजे बुरशी आहे. भाजून बुरशीचं विष पूर्ण जात नाही. पाहुण्यांना तर नकोच, स्वतःही चाखू नका. माडाच्या आळ्यात टाका.

खवचट खारवी | ९ सप्टेंबर, रात्री ९.१०

मान्सून्ड मलबार नव्हे, मान्सून्ड गुहागर. नारळालाच नैवेद्य.

गावठी बरिस्ता | १० सप्टेंबर, सकाळी ११.०५

रत्नागिरीत छोटा कॅफे चालवतो, म्हणून बोलतो. काका, झालं ते झालं, पण त्या रोबस्टावर वेळ घालवू नका. रोबस्टा म्हणजे भरताड. स्वस्त म्हणून मिसळतात, इन्स्टंटच्या बरण्यांत जाते. कडू, लाकडी चव, जळक्या रबरासारखा वास. अरेबिका म्हणजे फुलं, फळं, गूळ, चॉकलेट, काय वाटेल ते सापडतं. पाहुण्यांना काळी कॉफी द्यायची तर अरेबिकाच, तीही मध्यम भाजलेली. दोनशे-अडीचशे ग्रॅमची पाकिटं मागवा आणि विषय संपवा.

चिकमगळूरचा भाचा | १० सप्टेंबर, रात्री १०.२०

बरिस्ता भाऊ, रबराचा वास वाईट वाळवलेल्या रोबस्टाला येतो. जमिनीवर ढिगात आंबलेलं, कच्चं-पिकलं एकत्र तोडलेलं बी असेल तर अरेबिकालाही कुजका वास येईल. आमच्याकडे धुतलेली रोबस्टा येते, तिला 'रोबस्टा पार्चमेंट' म्हणतात. ती नीट भाजलेली प्यालात तर भरताड म्हणायला जीभ उचलणार नाही. इटलीत एस्प्रेसोसाठी अनेक मिश्रणांत रोबस्टा मुद्दाम घालतात, कारण वरचा फेस दाट येतो आणि टिकतो. भारतातल्या एकूण कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टाच आहे. केरळातली तर जवळजवळ सगळी.

फरक कुठून येतो ते सांगतो, म्हणजे उच्च-नीच करायची गरज उरणार नाही.

अरेबिका डोंगरातली. आपल्याकडे साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर, १५ ते २५ अंश तापमानात सुखी. थंडाव्यात फळ सावकाश पिकतं, बियांत साखर आणि तेल जास्त साठतं. भाजताना त्या साखरेतून सुगंध आणि ती हवीहवीशी आंबट धार तयार होते. रोबस्टा खालच्या उंचीची, ५०० ते १००० मीटर, उष्ण आणि दमट हवेतली. तिथे किडी-बुरशी जास्त, म्हणून झाड स्वतःचं औषध स्वतःच बनवतं. कॅफीन हे झाडाचं कीटकनाशकच. अरेबिकात ते सव्वा टक्क्याच्या आसपास, रोबस्टात जवळजवळ दुप्पट. क्लोरोजेनिक आम्लंही रोबस्टात जास्त. म्हणून कडू लागते. आणि आमच्याकडे अरेबिकाची खोडं पोखरणारा पांढरा खोडकिडा रोबस्टाच्या फारसा वाटेला जात नाही. अरेबिकाचा मळेवाला रात्री नीट झोपत नाही. तांबेरा, खोडकिडा आणि मजूर, तिन्ही त्याच्या स्वप्नात येतात.

आता किंमत. २०२४ मध्ये व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला. व्हिएतनाम रोबस्टा पिकवण्यात जगात पहिला. त्या वर्षी रोबस्टाचे भाव विक्रमी चढले. इकडे रोबस्टावाल्यांनी नव्या जीपा घेतल्या. भरताड म्हणायचं तर जपून म्हणा.

गावठी बरिस्ता | १० सप्टेंबर, रात्री १०.४८

जीपा घेतल्या म्हणून चव बदलत नाही. पण धुतलेली रोबस्टा मी प्यालेलो नाही हे कबूल. पाठवा पत्ता, मागवतो.

पानफूल | ११ सप्टेंबर, सकाळी ९.३०

वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून दोन पैसे माझेही. अरेबिका आणि रोबस्टा या बहिणी नाहीत, रोबस्टा ही अरेबिकाची आई म्हणा किंवा बाप म्हणा. रोबस्टाचं शास्त्रीय नाव कॉफिया कॅनेफोरा. ती आणि कॉफिया युजेनिऑइडिस नावाची आफ्रिकेतलीच दुसरी जात, यांचा फार पूर्वी निसर्गात आपोआप संकर झाला, त्यातून अरेबिका आली. रोबस्टात २२ गुणसूत्रं, अरेबिकात ४४. म्हणजे मुलीने दोन्ही घरांचा सगळाच ऐवज आणला.

याचा एक व्यवहारातला परिणाम आहे. अरेबिकाचं एकटं झाड स्वतःच्या परागकणांवर फळतं. रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात.

आणखी दोन नावं कानावर पडतात. लिबेरिका पश्चिम आफ्रिकेतली, झाड चांगलं उंच, पानं फणसाच्या पानांपेक्षा मोठी, बी मोठं आणि एका टोकाला वाकडं. १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा आला, मळे बसले आणि पुढे तिथे चहा लावला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्या काळात तांब्याला दाद देणार नाही या आशेने लिबेरिका ठिकठिकाणी लावली गेली. आज ती मुख्यतः मलेशिया आणि फिलिपिन्समध्ये पितात. फिलिपिन्समध्ये तिला बराको म्हणतात. एक्सेल्सा हिचीच जवळची नातेवाईक. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला लिबेरिकाच्याच पोटात घातलं होतं, पण चव इतकी वेगळी की व्यापारी तिला वेगळीच मोजत राहिले, आणि २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनीही तिला पुन्हा वेगळी काढलं. चिकमगळूर-कूर्गकडे मळ्यांच्या कडेला तिची जुनी झाडं दिसतात.

पानफूल | ११ सप्टेंबर, सकाळी ९.३४

वर 'तांब्याला' झालंय ते 'तांबेऱ्याला' वाचा. तांब्या विहिरीवर.

दापोलीचा बागाईतदार | ११ सप्टेंबर, दुपारी १.१५

पानफूल ताई, तुमच्या एका वाक्याने माझं सहा वर्षांचं कोडं सुटलं! परसात कॉफीचं एक झाड आहे, वायनाडच्या मित्राने रोप दिलेलं. मार्चमध्ये पाइपने भिजवलं की आठवड्याभराने फांद्या पांढऱ्याशुभ्र होतात, मोगऱ्यासारखा वास सुटतो आणि मग काही नाही. दोन-चार फळं. मी खत घालघाल घातलं. ते बिचारं सोबतीला रडत होतं.

आता भाचेसाहेबांना प्रश्न. माझी एक एकर सुपारी आहे. मलनाडात सुपारीत कॉफी लावतात हे मी पाहिलंय. कोकणात रोबस्टा का लावू नये? ऊन आहे, दमटपणा आहे, सावली आहे.

चिकमगळूरचा भाचा | ११ सप्टेंबर, रात्री ९.४०

लावू नये असं नाही, पण कोकणचा पाऊस कॉफीच्या वेळापत्रकात बसत नाही. रोबस्टाच्या कळ्या डिसेंबर-जानेवारीपर्यंत तयार होऊन झोपून राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर आली की जाग्या होतात, आठवड्याभरात फुलतात. दोन-तीन आठवड्यांत दुसरी सर लागते, नाहीतर धरलेली फळं गळतात. इकडे त्या सरींना ब्लॉसम शॉवर नि बॅकिंग शॉवर म्हणतात, आणि आली की मळेवाले फोनवर एकमेकांना 'किती सेंट?' विचारतात. इंचाचे शंभर सेंट. तुमच्याकडे ऑक्टोबरनंतर पाऊस थेट जूनमध्ये. म्हणजे मार्चमध्ये सगळ्या झाडांवर वरून तुषार सिंचन करायला हवं, आळ्यात पाट सोडून कळी नीट फुटत नाही. मार्चमध्ये तेवढं पाणी तुमच्या विहिरीला आहे का?

दुसरं, तुमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. निचरा नसेल तर मुळं कुजतात. कातळावर तर नावच नको. सुपारीच्या बागेत माती खोल असते, तिथे जमेल.

एकरभर नको. पंधरा-वीस रोपं लावा, दोन-तीन वेगवेगळ्या वाणांची, म्हणजे परागीभवनही होईल. पाच-सहा किलो पिकल्या फळांतून किलोभर हिरवं बी मिळतं, भाजल्यावर त्यातलं पंधरा-वीस टक्के वजन उडतं. घरापुरती होईल. अरेबिकाचा विचार दापोलीत करू नका. महाराष्ट्रात कॉफी म्हणून नाव आहे ते चिखलदऱ्याचं, आणि ते हजार मीटरच्या वर आहे.

खवचट खारवी | ११ सप्टेंबर, रात्री ९.५८

घरापुरती झाली की कांडेचोर, म्हणजे उदमांजर, येईल. इंडोनेशियात त्याच्या पोटातून आलेली कॉफी सोन्याच्या भावात विकतात. आमच्याकडे तो माडी पिऊन कौलांवर नाचतो, एवढंच उत्पन्न.

चिकमगळूरचा भाचा | ११ सप्टेंबर, रात्री १०.१५

हसण्यावारी नेऊ नका, इकडेही मळ्यात कांडेचोराची विष्ठा सापडते, त्यात अख्ख्या बिया असतात. तो पिकलेलं गोड फळ बरोबर निवडतो, तोडणीच्या बायांपेक्षा चांगलं. पण त्या नावाखाली प्राण्यांना पिंजऱ्यात कोंडून फळं चारतात, त्यामुळे ती कॉफी न पिणंच बरं.

उपासकरीण | १२ सप्टेंबर, सकाळी ८.१०

बालिश प्रश्न असेल तर माफ करा. आमच्या पाकिटावर 'कॉफी-चिकोरी मिश्रण' लिहिलंय. चिकोरी ही कॉफीची कितवी जात? आणि उपासाला चालते का?

पानफूल | १२ सप्टेंबर, सकाळी १०.००

कितवीच नाही. चिकोरी हे वेगळंच झाड, त्याची मुळं भाजून दळतात. गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटा भागात पिकते. कॅफीन अजिबात नसतं. रंग गडद येतो, काढा दाट होतो, कडसर-गोड चव येते आणि खर्च वाचतो. नियमाने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते, आणि टक्के पाकिटावर छापावे लागतात. चष्मा लावून वाचा, बारीक अक्षरात असतं.

उपासाचं म्हणाल तर मूळच आहे, रताळ्यासारखं. माझ्या आजीने चालवून घेतलं असतं. तिने साबुदाणाही चालवून घेतला होता, जो कुठल्या पुराणात आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

माडाची सावली | १२ सप्टेंबर, दुपारी ३.३०

म्हणजे आयेच्या पोलसनात निम्मी मुळाच होती की काय! तरीच ती काळीकुट्ट होई. पण भाचेनू, एक सांगा. माझ्यासारख्यांनी दूध, साखर नि जायफळ घालून पिवची आसा, तर आमका खंयची बरी? अरेबिकात जायफळ घातला तर गुन्हो जाता काय?

चिकमगळूरचा भाचा | १२ सप्टेंबर, रात्री ८.२५

गुन्हा नाही मावशी, पण पैसे वाया. अरेबिकाचं वैशिष्ट्य तिच्या वासात आणि नाजूक आंबटपणात. आटवलेलं दूध आणि जायफळ दोन्ही त्याच्यावर बसतात, हाती फक्त महाग दूध उरतं. तुमच्यासारख्या कॉफीला अंगात जोर असलेली रोबस्टाच हवी, चांगली धुतलेली, गडद भाजलेली. हवंतर तीन भाग रोबस्टाला एक भाग पीबेरी अरेबिका. आमच्याकडे दुकानात गिऱ्हाईक समोर उभं राहून असंच भागाभागाने सांगतं, दुकानदार तिथल्या तिथे दळून देतो. कॉफीत कोणती जात चांगली हे कपात पुढे काय पडणार यावर ठरतं. आधी स्वतःला विचारायचं, दूध घालणार का?

काळी पिणार असाल तर अरेबिका. त्यात आमच्याकडचा एस. ७९५ हा जुना वाण मिळाला तर बघा, नाहीतर बाबाबुदनगिरीची. ते बाबा बुदन मक्केहून परतताना येमेनातून सात बिया कमरेला बांधून घेऊन आले, अशी इकडची कथा. सतराव्या शतकातली. खरी-खोटी सोडा, डोंगर मात्र त्यांच्याच नावाचा आहे.

पडवीवाला | १४ सप्टेंबर, रात्री ९.५०

अहवाल. पडवीतली अरेबिका काल माडाच्या आळ्यात विसर्जित केली. आई म्हणाली, गौरीबरोबरच सोडली असतीस तर बरं झालं असतं.

माळ्यावरची रोबस्टा आज भाजली. अर्धा किलो, लोखंडी कढई, लाकडाची चूल. दहा मिनिटांनी लाहीसारखा तडतडाट सुरू झाला. साल उडून सगळं स्वयंपाकघर पांढरं. मी घाबरून उतरवली, तर निम्म्या बिया तपकिरी, निम्म्या जेमतेम पिवळ्या. पुन्हा चढवली तर तपकिरी होत्या त्या काळ्या झाल्या.

मिक्सरवर दळली, पितळी फिल्टर नाही म्हणून फडक्यातून गाळली. काळी प्यालो तर तोंड वाकडं झालं. कडू आणि वर धूर. सहा महिने चुलीच्या वर राहिल्याने बियांना सुकवलेल्या कोलंबीसारखा धुराचा वास आलाय. दूध, साखर घालून मात्र काय सांगू, दोन कप झाले. आईने तिसऱ्यात जायफळ किसलं.

गावठी बरिस्ता | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

काका, सतत हलवत राहायचं, क्षणभरही थांबायचं नाही. आणि एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका. उतरवल्यावर लगेच सुपात पाखडून पंख्याखाली गार करा, कढईत ठेवली तर आतल्या आत भाजतच राहते. भाजल्यावर निदान दोन दिवस थांबून मग दळा, ताज्या बियांतून वायू सुटत असतो, चव येत नाही.

पाणी कोणतं वापरता? आमच्याकडे मे महिन्यात विहीर मचूळ होते तेव्हा मी कितीही चांगलं बी आणलं तरी कॉफी बेचव होते. तेव्हा बाटलीबंद पाण्यावर करतो.

आणि साठवण. भाजलेली कॉफी आपल्या हवेत पावसाळ्यात आठवड्यात मरते. घट्ट झाकणाचा डबा, थोडी थोडी आणायची, दळायची ती त्याच वेळी. फ्रिजमध्ये बांगड्याशेजारी ठेवू नका.

खवचट खारवी | १४ सप्टेंबर, रात्री १०.११

बांगड्याचं नाव मी काढलं की चेष्टा, बरिस्त्याने काढलं की सल्ला.

पडवीवाला | १९ ऑक्टोबर, रात्री ८.४०

धागा वर काढतो. दिवाळीसाठी भाचेबुवांनी सुचवलं तसं दोन्ही आणलं: पाव किलो अरेबिका मध्यम भाजलेली, अर्धा किलो धुतलेली रोबस्टा. पितळी फिल्टरही घेतला. परवा पुण्याची चौघं आली होती. त्यांना सकाळी काळी अरेबिका दिली, साखर वेगळी. एकाने वास घेऊन "काका, यात संत्र्याची साल आहे का?" असं विचारलं. मी गंभीरपणे मान हलवली. कीव करणारा चेहरा एकही नव्हता. त्यांच्यातल्या एका मुलीला काळी झेपली नाही. तिला आईने स्वतःची कॉफी दिली, रोबस्टा-दूध-जायफळवाली. मग उरलेल्या तिघांनीही ती मागितली.

म्हणजे काय समजायचं ते समजा. मी दोन्ही ठेवणार आहे.

गावठी बरिस्ता | १९ ऑक्टोबर, रात्री ९.०२

तुमची ती धुतलेली रोबस्टा मीही मागवली, भाचेबुवा. रबर नाही, मान्य. फिल्टर कॉफीला लावली. गिऱ्हाइकांना मात्र नाव सांगत नाही.

चिकमगळूरचा भाचा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

नाव सांगितलंत तर दर वाढवता येईल. काका, माडाच्या आळ्यात टाकलेल्या बियांचं काय झालं? उगवल्या का?

पानफूल | २० ऑक्टोबर, सकाळी ८.४५

उगवायच्या नाहीत. वाळवून सोललेल्या बियांची उगवणशक्ती काही महिन्यांत जाते. त्यात या बुरशी धरलेल्या.

पडवीवाला | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२०

एकही उगवली नाही. आळ्याच्या कडेला टाकळा मात्र माजलाय, कमरेइतका, शेंगांनी वाकलेला. आषाढात भाजीला खुडलेला तोच. आई म्हणते, तिच्या माहेरी टाकळ्याचं बी भाजून, कुटून कॉफीसारखं उकळून प्यायचे, मग आठ किलो बी चिकमगळूरहून कशाला आणलंस? उद्या शेंगा तोडायला सांगितल्यात. कढई तीच.

खवचट खारवी | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.२४

चीर सरळ आहे की वळणाची ते बघून घ्या.